कँटनी जूक घरच्या गॅसवर: प्रकल्प नोंदी

3 जानेवारी 2026, शनिवार

ग्वांगचौ आणि हाँगकाँगच्या दुकानांत सकाळी जी तांदळाची जूक, म्हणजे दाट, एकजीव पेज मिळते, ती घरच्या गॅसवर आणि रोजच्या भांड्यांत बसवायची, एवढेच काम आहे. ही कँटनी, म्हणजे ग्वांगचौ-हाँगकाँगकडची, जूक पारखायची तर शीत आणि पाणी वेगळे दिसता कामा नये. पळीतून सोडली की धार सलग पडली पाहिजे, जिभेला कण लागता कामा नये, आणि वाडग्यात दहा मिनिटे ठेवली तरी वर निवळ पाणी सुटता कामा नये. सगळा चीन अशीच करतो असे नाही. ग्वांगचौ ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगदाँगच्याच पूर्वेकडच्या चाओशान भागात शीत अख्खे ठेवून वर निवळ राखतात, उत्तरेकडे तांदळाऐवजी राळेही चालतात. पण आधी कँटनी.

कामाचे दोन भाग केले आहेत: पाया आणि भर. पाया म्हणजे नुसता तांदूळ, पाणी, थोडे तेल-मीठ. भर म्हणजे मासा, मांस, अंडे जे असेल ते. दुकानांतही हेच चालते. मोठ्या हंड्यात पाया आधीपासून तयार असतो, आणि मागणी आली की दोन पळ्या छोट्या पातेल्यात काढून खळखळ उकळीत भर टाकतात. घरी जूक बिघडते ती बहुतेक वेळा पायात, आणि मग वरून कितीही चांगला मासा घातला तरी ती सुधारत नाही.

पायाचे मूळ प्रमाण: तांदूळ 150 ग्रॅम, पाणी 1.9 लिटर, तेल 1 छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. भांडे 5 लिटरचे, जाड बुडाचे. उघड्या भांड्यात सव्वा तासात 300 ते 350 मिलीलिटर पाणी वाफेवाटे जाते, हे धरूनच 1.9 लिटर घेतले आहे. चार भरपूर वाडगे होतात.

पाणी सुरुवातीला मोजून घ्यायचे आणि नंतर घालायचे नाही. मध्येच गार पाणी ओतले की उकळी मोडते, तांदूळ तळाशी बसतो, आणि वरचे पाणी नीट मिसळून न येता वेगळेच राहते. घालावेच लागले तर कढत, आणि पुन्हा खळखळ उकळी येईपर्यंत पळी फिरवत.

4 जानेवारी, रविवार

तांदूळ. ग्वांगदाँगमध्ये सीम्याव नावाचा बारीक लांब तांदूळ वापरतात, हाँगकाँगमध्ये बहुतेक घरांत थाई जास्मिन. दाटपणा हवा असेल तर त्यात आखूड, चिकट दाण्याचा थोडा तांदूळ मिसळतात. लांब दाण्याने धार हलकी राहते, आखूड दाण्याने अंग येते. तोच हिशोब इथल्या बाजारातल्या तांदळांना लावला.

बासमती बाद. त्यात अमायलोज (दाणा सुटा ठेवणारा स्टार्च) जास्त, दाणा लांबतो पण फुटत नाही; 80 मिनिटांनीही काड्या तशाच दिसतात. उकडा तांदूळही बाद, कारण तो साळीतच एकदा उकडून वाळवलेला असतो आणि दाणा घट्ट झालेला असतो. इंद्रायणी लवकर फुटतो, पण एकटा घेतला तर जूक चिकट होते, पळीला तार धरते. कोलम छान फुटतो, फक्त अंगाने पातळ. आंबेमोहोराची साधी जूक उत्तम होते. माशाच्या जुकेत मात्र त्याचा स्वतःचा वास पुढे येतो, म्हणून तो साध्यासाठी राखून ठेवावा.

ठरलेले मिश्रण: कोलम 100 ग्रॅम, इंद्रायणी 50 ग्रॅम. तांदूळ नवा असेल तर दहा-पंधरा मिनिटे लवकर होते. जुना जास्त पाणी पितो, त्याला 100 मिलीलिटर वाढवून द्यावे.

10 जानेवारी, शनिवार

आधीची तयारी. तांदूळ दोन पाण्यांत धुतला. चोळचोळून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुण्याची गरज नाही, त्या पिठाचा इथे उपयोगच आहे. मग तीन प्रकारे तयार करून एकाच मापाने शिजवून पाहिला.

पहिला प्रकार, कँटनी घरांत रूढ असलेला: अर्धा तास भिजवून, रोवळीत निथळून, तेल-मीठ चोळून आणखी अर्धा तास ठेवणे. भिजल्याने पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत जाते, त्यामुळे बाहेर लगदा आणि आत कणी असे होत नाही. तेलाचा फायदा डोळ्यांना दिसतो: फेस कमी चढतो, उतू जाण्याचा धोका अर्धा होतो, आणि तयार जुकेला मंद चकाकी येते.

दुसरा: भिजवून निथळलेला तांदूळ पिशवीत पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये. दाण्यातल्या पाण्याचे बर्फ होताना ते फुगते आणि दाण्याला आतून बारीक तडे पाडते. हा तांदूळ गोठलेलाच आधणात टाकायचा. 15 ते 20 मिनिटांत फुटतो, अर्ध्या तासात जूक खाण्यासारखी होते. कामाच्या दिवसासाठी हा मार्ग खरोखर चांगला आहे. दाट मात्र ती पूर्ण शिजवलेल्या जुकेइतकी होत नाही. आणखी पंधरा मिनिटे दिली तर फरक बराच भरून निघतो.

तिसरा: कणी. झटपट फुटते, पण सुटे पीठ फार असते, ते तळाला जाऊन बसते आणि लागते. कणी वापरायचीच तर एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

उरलेल्या भाताची जूक होते का? होते, पण वेगळी. गार झालेल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट झालेला असतो, शिते आपापली राहतात. ती मिक्सरमधून काढण्याचा मोह आवरावा. पाते फुगलेले स्टार्चचे कण फाडते आणि जुकेची खळ होते, मग ती कितीही उकळली तरी मूळ पोत येत नाही.

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर दाणा झपाट्याने विरघळतो. उत्तर चीनमध्ये काही घरांत पेजेत सोडा घालायची रीत आहे. रंग मात्र पिवळट होतो आणि तांदळातले ब-1 जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. आम्ही घालत नाही.

11 जानेवारी, रविवार

आच. सगळ्या नोंदींत ही नीट वाचावी.

गार पाण्यात तांदूळ घालून गॅस लावला तर पाणी तापेपर्यंत दाणे तळाशी पडून राहतात. 65-70 अंशांच्या आसपास त्यांच्या भोवतीचा सुटा स्टार्च घट्ट होतो आणि तळाला चिकटतो. पुढे जे करपते त्याची सुरुवात इथे असते. म्हणून पाणी आधी उकळायचे, आधण खळखळले की तांदूळ वैरायचा, आणि लगेच पळी तळापासून फिरवायची, उकळी परत येईपर्यंत.

पहिली 15 मिनिटे मोठ्या बर्नरवर, झाकण न ठेवता. दाणे तळातून वर येऊन कडेने खाली जाताना दिसले पाहिजेत. हे नुसते शिजणे नाही. दाणे एकमेकांवर आणि भांड्यावर आपटत असतात, त्यानेच पुढे ते झिजतात. मंद आचेवर दोन तास ठेवलेली जूक मऊ भातासारखी राहते, कारण दाणा शिजतो पण हलत नाही.

त्यानंतर आच मध्यमपेक्षा कमी. किती कमी, हे पाण्याच्या पृष्ठभागावरून ठरवायचे: बुडबुडे फक्त मधोमध नकोत, कडेपर्यंत सगळीकडे यायला हवेत. झाकण ठेवायचे ते भांड्याच्या काठावर आडवा कालथा ठेवून त्यावर तिरके. पूर्ण झाकले की पाच मिनिटांत उतू जाते आणि बर्नरची भोके बुजतात.

काय दिसते ते असे. 20 मिनिटे: दाणा फुगलेला, पाणी दुधट. 35 ते 40: दाण्याची टोके चिरतात आणि बाहेर वळतात, चिनी स्वयंपाकात याला तांदूळ उमलला असे म्हणतात. पुष्कळ जण इथेच थांबतात, पण अजून पाणी आणि दाणा वेगळेच आहेत. 55 ते 60: दाण्याची फुले तुटून तुकडे होतात, पळी फिरवताना हाताला जड लागते. 70 ते 75: तुकडे विरतात, बुडबुडा फुटताना आवाज बदलतो, खळखळ जाऊन पचपच ऐकू येते.

ढवळणे सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या अर्ध्या तासात दर आठ-दहा मिनिटांनी तळ एकदा खरवडून घेतला की पुरे. शेवटची दहा मिनिटे मात्र पळी थांबवायची नाही, आणि एकाच दिशेने, तळाला टेकवून. फुगलेला स्टार्च पाण्यात सारखा पसरतो तो याच टप्प्यात. गॅस बंद केल्यावर झाकून दहा मिनिटे मुरू द्यावी, पोत आणखी एकजीव होतो.

तपासणी: पळी बुडवून बाहेर काढली की पळीच्या पाठीवर पातळ पांढरा थर राहावा, आणि त्यातून बोट ओढले तर रेघ हळूहळू मिटावी. रेघ तशीच राहिली तर दाट आहे, लगेच मिटली तर अजून दहा मिनिटे. गार होताना जूक दाट होते, म्हणून गॅसवर ती वाटते त्यापेक्षा किंचित पातळ, पळीवाढी, असतानाच उतरवावी.

तळाला लागल्याचा वास आला तर ढवळायचे नाही आणि खरवडायचे तर मुळीच नाही. वरची जूक हलकेच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावी, शेवटचे दोन बोटे भांड्यातच सोडावे. ओतलेली चाखून पाहावी. वास उतरला असेल तर ती वाचत नाही. आले, मिरी, काही घातले तरी तो झाकला जात नाही.

13 जानेवारी, मंगळवार

प्रेशर कुकर. 5 लिटरच्या कुकरमध्ये तांदूळ 150 ग्रॅम, पाणी 1.7 लिटर (वाफ कमी जाते), तेल विसरू नये. कुकर अर्ध्याच्या वर भरला की शिट्टीतून पेज उडते आणि शिट्टीचे भोक बुजू शकते, हा धोका खरा आहे. पूर्ण दाब आल्यावर बारीक गॅसवर 20 मिनिटे, मग दाब आपोआप उतरू द्यायचा. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतले एकदम उसळते.

झाकण उघडल्यावर शिते खाली, पाणी वर असेच दिसते. कुकरात दाब स्थिर असताना पाणी खळखळत नाही, त्यामुळे दाणे गाभ्यापर्यंत शिजतात पण झिजत नाहीत. राहिलेले काम उघड्यावर करायचे: मोठ्या आचेवर 10 ते 12 मिनिटे, रवीने हलके घुसळत. लाकडी रवी यासाठी उत्तम, ती दाणे मोडते पण मिक्सरच्या पात्यासारखी कापत नाही. गोठवलेला तांदूळ आणि कुकर दोन्ही एकत्र करण्यात फायदा नाही.

17 जानेवारी, शनिवार

पायाला अंग आणि चव देणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली, सोयाबीनच्या दुधावर येणारी साय काढून वाळवतात ती. पूर्व आशियाई माल ठेवणाऱ्या दुकानांत मिळते. 150 ग्रॅम तांदळाला 30 ग्रॅम, तुकडे करून अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, तांदळाबरोबरच आधणात. तासाभरात ती विरघळते; तिच्यातली प्रथिने आणि स्निग्धांश मिळून जूक दुधासारखी पांढरी होते. पातळ, ठिसूळ पापुद्रे घ्यावेत. जाड, कडक दांड्या भाजीसाठी असतात, त्या विरघळत नाहीत आणि जुकेत चिवट चिंध्या राहतात.

दुसरी, वाळवलेल्या समुद्री जिनसा. हाँगकाँगमध्ये सुके स्कॅलॉप (एका शिंपल्याचे मांस) मानाचे. साध्या घरांत वाळवलेली कोळंबी घालतात, आणि तिथे कोकणातले सोडे थेट बसतात. 20 ग्रॅम सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, बारीक चिरून, तांदूळ उमलल्यावर घालावे. भिजवलेले पाणी गाळून आधणातच. सोड्यांची चव उतरते, म्हणून पायातले मीठ अर्धे करावे.

18 जानेवारी, रविवार

माशाची जूक. कँटनी घरांत गवत्या मासा, विशेषतः पोटाकडचा तुकडा. गवत्या आपल्याकडच्या तलावांतही पाळतात, पण काटे फार. रावस किंवा जिताडा सोपा. मासा अर्धवट गोठलेला असताना 4 मिलीमीटरचे काप काढावे. 300 ग्रॅम कापांना आल्याच्या काड्या 10 ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा, पांढरी मिरी दोन चिमटी, तेल 1 छोटा चमचा. मीठ लावून दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवले की पाणी सुटते आणि काप घट्ट होतात.

कच्चे काप वाडग्यात ठेवून वरून कढत जूक ओतण्याची पद्धत घरी टाळावी. 98 अंशांची 400 ग्रॅम जूक आणि फ्रीजमधला 80 ग्रॅम मासा मिळून 84 अंशांच्या जवळपास येतात. मासा 150 ग्रॅम घेतला तर 75, आणि त्यातून गार वाडगा उष्णता खातो तो वेगळाच. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून यकृतातले चपटे कृमी पोटात जातात, आणि ग्वांगदाँगमध्ये हा आजार आजही आढळतो. म्हणून काप पातेल्यातच घालायचे: एका वेळी दोन वाडग्यांपुरता पाया खळखळ उकळवून, काप एक-एक सोडून, न ढवळता, उकळी परत आल्यावर एक-दोन मिनिटे. काप मधोमध पांढरे, अपारदर्शक झाले की लगेच बंद.

वाडग्याच्या तळाशी लेट्यूसच्या बारीक पट्ट्या, वर पातीचा कांदा, तळलेले शेंगदाणे. तिळाचे तेल घालायचे तर भाजलेल्या तिळांचे, गडद रंगाचे, तीन-चार थेंब. आपले स्वयंपाकाचे फिकट तिळाचे तेल तो वास देत नाही.

ग्वांगचौच्या लिवान भागातली जुनी होडीवरची जूक याच पायावर उभी आहे: माशाचे काप, माकुळाच्या पट्ट्या, अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या, शेंगदाणे, तळलेल्या पिठाच्या दांड्यांचे तुकडे. चुरचुरीत जिन्नस वाढतानाच घालावे, दोन मिनिटांत ते लिबलिबीत होतात.

24 जानेवारी, शनिवार

मुरवलेले काळे अंडे आणि मांस. ही सगळ्यांत ओळखीची जूक. 250 ग्रॅम बिनचरबीच्या डुकराच्या मांसाला 5 ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी धुऊन, अख्खा तुकडा जूक 20 मिनिटांची झाली की आत सोडायचा, 45 ते 50 मिनिटांनी काढून हाताने धागे करायचे, शेवटी परत घालायचे. या पद्धतीत मांसाची चव पायात उतरते. पायात मीठ अजिबात नको.

काळी अंडी बदकाची, चुना, सोडा, मीठ, चहा यांच्या लेपात किंवा पाण्यात मुरवलेली. जुन्या काही पद्धतींत शिशाची भुकटी वापरत, म्हणून वेष्टनावर शिसे नसल्याचा उल्लेख पाहून घ्यावे. सोलून दहा मिनिटे उघडी ठेवली की अमोनियाचा उग्र वास कमी होतो. दोन अंडी पुरतात: एक कुस्करून मांसाबरोबर, ते विरघळून जुकेला खोल चव देते; दुसऱ्याचे आठ तुकडे शेवटच्या पाच मिनिटांत. सुरीला बलक चिकटतो, ताणलेल्या दोऱ्याने कापले की कड स्वच्छ येते.

डुक्कर खात नसतील तिथे कोंबडीच्या मांडीचे काप. 200 ग्रॅमला मीठ 2 ग्रॅम, कॉर्नफ्लोर 1 छोटा चमचा, पाणी 20 मिलीलिटर, हाताने चोळून पाणी जिरवायचे, मग तेल 1 छोटा चमचा. तेल शेवटी, नाहीतर पाणी जिरत नाही. उकळत्या पायात तीन-चार मिनिटे. छातीचे मांस या कामाला कोरडे पडते.

26 जानेवारी, सोमवार

चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्याची अष्टमी, लाबा. यंदा ती आज आली आहे. उत्तर चीनमध्ये आज धान्ये, कडधान्ये आणि सुका मेवा यांची गोड जूक करतात. बीजिंगच्या योंगह मठात ती लोकांना वाटतातही. तांदूळ, चिकट तांदूळ, राळे, लाल चवळीसारखी कडधान्ये, शेंगदाणे, कमळबीज, चिनी लाल बोरे. कडधान्ये आणि कमळबीज आठ तास भिजवून आधी 40 मिनिटे वेगळे शिजवावे, साखर शेवटी. साखर आधी पडली तर कडधान्ये मऊ होत नाहीत.

यातले राळे म्हणजे उत्तर चीनचे रोजचे धान्य, आणि आपल्याकडे पिकतात तेच. नुसत्या राळ्यांची जूक फार सोपी: 100 ग्रॅम राळे, एकदाच हलके धुऊन, न भिजवता, 1.2 लिटर आधणात. दहा मिनिटे मोठी आच, पुढे 25 ते 30 मिनिटे बारीक. वर पातळ, तकतकीत साय धरते, ती चांगल्या राळ्यांची खूण. राळे जुने, खवट असतील तर ही साय येत नाही आणि कडवटपणा येतो.

चाओशानची जूक आजच करून पाहिली. तांदूळ 150, पाणी 1.1 लिटर, पूर्ण वेळ मोठी आच, 18 मिनिटांत बंद, झाकून पंधरा मिनिटे. शीत अख्खे, वर निवळ. सोबत खारवलेला मुळा किंवा खारे अंडे. कोकणातल्या पेजेशी हिचे जवळचे नाते आहे, आणि लोणच्याबरोबर ती तितकीच रुचते.

31 जानेवारी, शनिवार

साठवण. भर घातलेली जूक ठेवायची नाही, फक्त पाया. शिजलेल्या तांदळात बॅसिलस सिरियस जंतूंची बीजे उकळीतही तग धरतात आणि कोमट जुकेत वाढतात. त्यांचे एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. पाच बोटे खोल पातेले ओट्यावर तासन्‌तास कोमट राहते. परातीत दोन बोटे थर पसरून, परात गार पाण्यात ठेवून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तीन दिवसांत संपवावी.

फ्रीजमध्ये ती थिजून वड्या पडण्याइतकी घट्ट होते. गरम करताना आधी पातेल्यात एक वाटी पाणी उकळवावे, त्यात थिजलेले तुकडे घालून रवीने मोडत उकळी आणावी. उलट क्रमाने केले तर तळ हमखास लागतो.

तोंडाचा चमचा पुन्हा भांड्यात जाऊ देऊ नये. लाळेतला अमायलेज हा पाचक घटक स्टार्च तोडतो, आणि थोड्या वेळात उरलेली जूक पाण्यासारखी पातळ होते. काही जणांना हा शिजवण्यातला दोष वाटतो, तो नाही.

1 फेब्रुवारी, रविवार

प्रमाण कमी-जास्त करताना सरळ त्रैराशिक चालत नाही, कारण वाफ भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असते, तांदळाच्या वजनावर नाही. दोघांसाठी 75 ग्रॅम तांदळाला 1.1 लिटर, 3 लिटरच्या अरुंद भांड्यात. आठ जणांसाठी 300 ग्रॅमला 3.5 लिटर, 8 लिटरच्या भांड्यात, आणि आधणापर्यंतचा वेळ सोडून 80 ते 85 मिनिटे. मोठ्या भांड्यात घरगुती बर्नरची आच कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत पळी सतत हवी.